जंगूची सोबत

बसा, पाय वर घेऊन बसा. मी चावत नाही, आणि दातही राहिले नाहीत. माझं नाव मुखरू. शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांच्या खुर्चीवर खाजकुयली चोळली आणि मास्तरांनीच माझं शिक्षण संपवलं. तेव्हापासून पोंभुर्ण्याच्या या जंगलात लोकांची फजिती करणं हाच माझा धंदा. पण आजची गोष्ट फजितीची नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आमच्या गावात मोबाईलची रेंज फक्त टेकडीवर येते. दिवेलागणीला जो तो फोन घेऊन वर चढतो. कोणाची सून माहेरी काय चुगल्या सांगते, ते गावाला टेकडीवरच कळतं. त्या संध्याकाळी मीही निघालो. बायको सोमारी म्हणाली, "पोराले इचारा, जेवते का नाई बराबर."

पोरगा म्हणजे विनोद. ओमानात, वाळवंटात, कंपनीची गाडी चालवायचा. त्याच्या खोलीत आमच्या जवळच्या मूल गावचा अजीम राहायचा, शिंप्याचा मुलगा. दोघांचं चांगलं जमलं होतं.

टेकडीच्या पायथ्याशी पायवाटेवर दगडांची रास आहे, जंगूची. मी मिसरूड फुटायच्या वयाचा होतो तेव्हा जंगू मोह वेचायला गेला आणि वाघानं त्याला तिथंच धरलं. तेव्हापासून येणारा-जाणारा त्या जागी एक गोटा नाहीतर हिरवी फांदी टाकतो. जो टाकतो त्याच्यापुढं जंगू चालतो आणि त्याला शिवेपर्यंत सोडतो. त्याला हाक मारायची नाही, ओलांडून पुढं जायचं नाही. शीव आली की मोठ्यानं "पोहोचलो" म्हणायचं. मग तो परत फिरतो.

मी कशाचा मानतो! त्या राशीमागं लपून, खाकरून मी किती जणांना पळवलं. सरपंचाची एक चप्पल अजून सापडलेली नाही. आणि विनोद परदेशात गेल्यावर तर म्हणायला लागला, "बाबा, ते गोटे होत. मेला तो मेला." मीही हसून सोडून दिलं.

दिवस मोहाचे होते. सगळ्या रानावर गोड, जड वास पसरला होता. वर पोचून मी नंबर लावणार तोच त्याचाच फोन वाजला.

"बाबा, आवाज येऊन राह्यला का?"

"येते ना बे. माय इचारते, जेवला का?"

"गाडी वाळूत फसली बाबा. दुपारपासून. वावटळ अशी सुटली का रस्ताच गेला. पाणी संपलं."

मी खदखदून हसलो. बापावर गेला, म्हटलं. "मले बनवतं का बे?"

तेवढ्यात मागून ओकारीचा आवाज आला. कोणीतरी कण्हत "अम्मी" म्हणालं. माझं हसू तिथंच बसलं.

"अजीम आहे. अंग तापलं त्याचं. कॅम्पवाले म्हणतेत, वारा थांबला का सकाळी येऊ. हा सकाळपर्यंत नाई टिकत बाबा. मी त्याले पाठीवर घेऊन निघतो. सांगा... कोणीकडं निघू?"

इथल्या रानात असता तर मी डोळे मिटून सांगितलं असतं. नाला धर, मग तो वाकडा बेहडा. पण तिथं ना झाड ना नाला. पोरगा बापाला रस्ता विचारतो आणि बापाला दिशा माहीत नाही...

"हलू नको," मी म्हणालो. "फोन ठेव, चार्जिंग वाचव. मी सांगतो त्याले."

"कोणाले?"

मी फोन कापला आणि उतरायला लागलो. इथं काळोख झाला होता, त्याच्याकडं दिवस बुडायचा होता. आठवड्यापूर्वी याच वाटेवर वाघाचा माग दिसला होता. सागाची वाळली पानं पायाखाली करकरत होती आणि प्रत्येक करकर मला माझ्यामागं वाटत होती. टॉर्च लावला नाही, बॅटरी पोरासाठी ठेवायची होती. कुठंतरी रातवा पक्षी टकटक करत होता. मनात एकच ठरवलं, वाघ येवो की वाघाचा बाप, राशीपर्यंत जायचंच.

तेंदूची ओली फांदी मोडली आणि राशीवर टाकली.

"जंगू... पोरगा अडकला माझा. समुद्रापलीकडं. त्याले आन त्या अजीमले चालव. आपल्या शिवेपर्यंत सोड."

राशीवरचा एक गोटा घरंगळला. रातवा गप्प झाला. आणि मग... मोहाचा वास गेला. सगळ्या रानावर पसरलेला वास, कोणी चटई गुंडाळून काखेत मारावी तसा गेला. मी हात नाकाशी नेला. घामाचाही वास नाही. आयुष्यभर गावाला भेडसावणारा मी, माझे दात वाजायला लागले. तेव्हा ते सगळे होते.

वर चढलो, फोन लावला. विनोद कुजबुजत होता.

"बाबा... इथी मोहाचा वास येऊन राह्यला."

मी फोन कानावर दाबला.

"समोर कोणीतरी आहे. पाठमोरा. खांद्यावर कुऱ्हाड. बाबा... एवढं वारं आहे, पण त्याचा गमछा हालून नाई राह्यला."

"अजीमले पाठीवर घे. त्याच्या मागं चाल. हाक मारू नको. पुढं जाऊ नको. पोचला का मोठ्यानं म्हण—"

"माहीत आहे मले," विनोद म्हणाला. गोटे म्हणणारा माझा पोरगा. आणि फोन बंद झाला.

सोमारी शोधत वर आली. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. उजाडताना कॅम्पमधून फोन आला. दोघं कॅम्पच्या फाटकाशी पोचले होते. अजीमला सलाईन लावली होती. विनोद रडत होता. "बाबा, रोज माझ्या नावानं एक फांदी टाकत जा. मी आता जंगूले कधी हसणार नाई." मी टेकडीवर नाचलो. सोमारी म्हणाली, "कंबर मोडन म्हाताऱ्या."

पण रानात मोहाचा वास काही परत आला नाही. वेचणाऱ्या बाया म्हणायच्या, यंदा फुलाले वासच नाई.

मग एका संध्याकाळी विनोद म्हणाला, "बाबा, तो गेला नाई. रोज आमच्या खोलीच्या दाराबाहेर बसून असते. पाठमोरा. मी फाटकावर पोहोचलो म्हटलं होतं, ओरडून."

मी लच्छूकडं गेलो. लच्छू आमचा भूमक, गावदेवाची पूजा त्याच्याकडं. त्याच्या टोपीत मी एकदा बेडूक ठेवला होता, म्हणून आधी त्यानं टोपी झटकून पाहिली. मग विचारलं, "कोणती शीव सांगितली तू?"

"आपली."

"मग तो दुसऱ्याच्या फाटकावर काऊन थांबन बे? आपल्या शिवेपर्यंत म्हटलं, तर आपल्याच शिवेपर्यंत येईन तो. तोवर पोराले सोडणार नाई."

कंपनी सुट्टी देईना. मी विनोदला म्हणालो, "नोकरी गेली तर जाऊ दे, तू ये. त्याले जास्त दिवस बसवून ठेवणं बरं नाई." आणि पोरगा निघाला. अजीम तिथंच राहिला, बहिणीच्या लग्नाला पैसे लागणार होते.

विनोद फाट्यावर बसमधून उतरला आणि चालत आला, जंगूला पुढं चालता यावं म्हणून. मी शिवेच्या गोट्यापाशी दुपारपासून उभा. सोमारी तांब्या घेऊन माझ्यामागं. ऊन कलताना विनोद वळणावर दिसला. त्याच्यापुढं कुऱ्हाडवाला. मी म्हातारा झालो, तो तेवढाच, तसाच. सोमारी म्हणाली, "एकटाच येऊन राह्यला वो पोरगा." मी तिला वाटेवरून बाजूला ओढलं.

गोट्यापाशी विनोद घसा फाडून ओरडला, "पोहोचलो!"

जंगू थांबला. वळला. आणि रानात शिरला. मोहाची फुलं केव्हाची संपली होती, झाडांना मोहाची फळं, टोळ्या, लटकत होत्या, तरी त्या घटकेला सगळ्या शिवारात गोड, जड वास भरला. विनोदनं तिथंच मातीत डोकं टेकलं. मीही टेकलं. हसू नका, खरंच टेकलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला टेकडीवर अजीमचा फोन आला.

"मुखरूचाचा, विनोद पोचला?"

"पोचला बे. आन तोही गेला. मी डोळ्यानं पाह्यलं."

अजीमनं आवाज खाली आणला.

"मग चाचा... दारात कोण बसून आहे?"

मी फांदी टाकताना दोघांची नावं घेतली होती, हे खरं. पण जंगू तर एकच होता... आणि त्याला मी वळताना पाहिलं होतं. मग अजीमपुढं चालायला वाटेत मेलेला दुसरा कोण उठला?

"घाबरू नको," मी म्हणालो. "मी उद्याच मूलले जातो, तुझ्या अब्बाले भेटतो. तुझी शीव कोणती ते शोधून काढतो, आन मग तुले बोलावतो. मले एवढंच सांग... मोहाचा वास येते का?"

"नाई चाचा." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "समुद्राचा येते. इथून समुद्र खूप दूर आहे. आन दाराखालून... पाणी येऊन राह्यलं."