खांबावरचे फटके

रविवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लावून झाल्यावर ताई शेवटच्या रांगेत उभी राहिली. तिने एक टाळी वाजवली आणि आवाज भिंतींवरून कसा परत येतो ते कान देऊन ऐकलं. आठवडाभर ती कानाच्या दवाखान्यात लोकांना हेडफोन लावून त्यांना किती ऐकू येतं ते तपासायची. सुट्टीत गल्लीच्या नाटक मंडळाचा ध्वनी सांभाळायची.

हॉल म्हणजे बंदराजवळची जुनी वखार. दगडी भिंती, उंच छप्पर. इथे पूर्वी काय साठवत असत, असं विचारलं की म्हातारी माणसं विषय बदलत.

यंदा मंडळाने नाटक रंगमंचावर न करता त्याचा सिनेमा केला होता. गुलामांच्या बाजाराची गोष्ट. दिग्दर्शक मास्तर, पोटासाठी शिंपीकाम, जिवासाठी नाटक. पळून जाताना पकडल्या गेलेल्या गुलामाचं काम ताईच्या धाकट्या भावाने केलं होतं. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. आपलं म्हणावं असं तिला दुसरं कोणी नव्हतं.

"तायडे, बडवलंस तू आणि टाळ्या मिळणार मला," तो खुर्चीत पाय पसरत म्हणाला.

"ओरडलायस मात्र छान. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी ओरडायचास तसाच."

"हळू बोल की. पुढे लोक बसलेत."

बडवलं होतं हे खरं. चित्रीकरणात चाबूक त्याच्या पाठीपासून हातभर लांबून फिरवला होता. फटक्यांचे आवाज नंतर भरायचे होते. ताईने आधी ओल्या गोणपाटावर चामडी पट्टा मारून पाहिला. आवाज भुसभुशीत आला. मग ती हॉलमागच्या खोलीत गेली. तिथे छपराला टेकू म्हणून उभारलेला एक लाकडी खांब होता आणि त्यात डोक्याच्या उंचीवर लोखंडी कडी ठोकलेली होती. तिने त्या खांबावर सहज पट्टा ओढला, आणि दचकून मागे पाहिलं. तो लाकडाचा आवाज नव्हता. अंगावर बसलेल्या फटक्याचा होता.

"हाच," दारात येऊन उभा राहिलेला मास्तर म्हणाला. "अजून मार. हात राखून नको मारूस."

तिने दंड भरून येईपर्यंत मारलं.

घरी ध्वनिमुद्रण ऐकताना तिला एक गोष्ट खटकली. प्रत्येक फटक्याच्या आधी कोणीतरी दातांमधून श्वास आत ओढत होतं. आपलाच असणार, असं तिने धरलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचा श्वास रोखून पुन्हा पट्टा मारला. मुद्रणात श्वास होताच. खोलीत कुठून तरी वारा शिरत असेल, अशी मनाची समजूत घालून तिने कॉम्प्युटरवर एकेक श्वास कापून काढला. फटके अगदी स्वच्छ झाले.

सिनेमा सुरू झाला. बाजार, बोली, पळापळ. पडद्यावर भावाचे हात एका कडीला बांधले गेले, मुकादमाने चाबूक उचलला, आणि ताईला तिने कापून टाकलेला श्वास ऐकू आला.

तो स्पीकरमधून आला नव्हता. तिच्या शेजारून आला होता.

भाऊ खुर्चीत ताठ झाला होता. फटका वाजला तसा तो पुढे फेकला गेला आणि त्याचं कपाळ समोरच्या खुर्चीवर आपटलं. पुन्हा दातांमधून तोच श्वास. पुन्हा फटका. त्याच्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरकी रेघ ओली होत गेली. तिसऱ्याला कापड फाटलं आणि ताईच्या गालावर काहीतरी कोमट उडालं.

"काय होतंय? अरे, बोल ना!"

तो ओरडतच होता, पण त्याच आवाजात पडद्यावरचा भाऊही ओरडत होता. लोकांचे डोळे पडद्यावर खिळले होते. पुढच्या रांगेत एक बाई पदराने डोळे टिपत होती.

ताई प्रोजेक्टरकडे धावली. तिने आवाजाची कळ बंद केली. पडद्यावर तोंडं मुकी हलू लागली.

फटके चालूच राहिले.

तिने वायर उपटली. पडदा विझला. अंधारात फटका बसला, आणि त्याच्या पाठोपाठ ओलं मांस फाटल्याचा आवाज आला.

आवाज कुठून येतो हे तिच्या कानांना नेमकं कळायचं. तो मागच्या खोलीतून येत होता. तिने खुर्च्यांना ठेचकाळत दार गाठलं आणि ढकललं.

आत कोणी नव्हतं. फटीतून आलेली उन्हाची तिरीप खांबावर पडली होती. पट्टा ती ठेवून गेली होती तिथेच, खिळ्याला लटकत होता. हलतही नव्हता. तरी फटका वाजला. कडी थरथरली. खांबावरून काळपट ओघळ जमिनीकडे निघाला.

हॉलमधून भावाची किंकाळी आली. या वेळी ती अर्धवट तुटली.

"पुरे," ताई म्हणाली.

ती ओरडली नव्हती. रोज हुकूम सोडणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाली होती, आणि तो आवाज तिचाच होता.

फटके तत्क्षणी थांबले.

ती परतली तेव्हा दिवे लागले होते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मास्तर भावाचा रक्ताने भिजलेला शर्ट वर करून बघत होता.

"कधी केलास हा मेकअप? मला पत्ता नाही लागू दिलास. पण जखमा ताज्या हव्या होत्या रे. या वर्षानुवर्षांच्या वाटतात."

ताईने वाकून पाहिलं. जखम एकही उघडी नव्हती. पाठभर जाड, पांढरट वळ होते. एकावर एक चढलेले, जुने, भरून आलेले. काही इतके ताणलेले, जणू पाठ लहान असताना बसले होते.

भाऊ जिवंत होता. तिने घाईघाईने पेल्यात पाणी ओतून त्याच्या हातात दिलं आणि त्याला जवळ घ्यायला हात पुढे केले. त्याने मान खाली घातली. मग खुर्चीवरून उतरून तो तिच्या पायांशी जमिनीवर बसला.

"असं काय करतोस? वर बस."

तो लगेच वर बसला.

त्याचे ओठ फुटले होते, घसा कोरडा पडून वाजत होता. पेला दोन्ही हातांत धरून, तिच्या पावलांकडे बघत तो तसाच बसून राहिला. ती 'पी' म्हणेपर्यंत त्याने पाण्याला तोंड लावलं नाही.