राखाडी सिलिंडर

स्फोटानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाने निरीक्षक नूतन पाटील जळगावजवळच्या त्या केळीच्या शीतगृहात पोहोचल्या. कॉम्प्रेसर फुटून पितांबर हा मेहरूणचा मेकॅनिक जागीच गेला होता.

व्यवस्थापक भूपेंद्र दारातच भेटला. उजव्या हाताला पट्टी होती.

"हाताला काय झालं?"

"चहा सांडला, मॅडम."

"पितांबर काय करत होते?"

"गळतीची चाचणी. पाइपात नायट्रोजन भरत होता. त्यानं दाब जास्त दिला. चूक त्याचीच."

"तुम्ही कुठे होतात?"

"ऑफिसात."

कॉम्प्रेसरशेजारी नायट्रोजनचं राखाडी सिलिंडर उभं होतं. नूतननी काटा पाहिला. सिलिंडर भरलेलं होतं. भिंत काळी पडली होती, सिलिंडरवर मात्र काजळीचा डाग नव्हता.

बाहेर कडुलिंबाखाली पितांबरचा डबा तसाच पडला होता. अर्धी भाकरी, बाजूला चपला.

फाटकावरच्या वहीत कालची नोंद होती : धुळ्याहून नायट्रोजनची गाडी, दुपारी दोन. स्फोट पाऊण वाजता झाला होता.

मागच्या वर्कशॉपमध्ये ऑक्सिजनचं काळं सिलिंडर होतं. झडपेला जळालेल्या नळीचा तुकडा चिकटलेला.

"वर्कशॉप कोण उघडतं?" त्यांनी वना नावाच्या वेल्डरला विचारलं.

"मन्हाजोडे चावी नही, ताई. ती सायेबजोडे शे."

नूतन ऑफिसात परतल्या.

"भूपेंद्र, ते राखाडी सिलिंडर स्फोटानंतर सव्वा तासानं आलं. माणसं पितांबरना घेऊन दवाखान्यात गेली होती, तेव्हा तुम्ही ते तिथे ठेवलंत आणि काळं मागे नेलंत. नायट्रोजन पेट घेत नाही. कॉम्प्रेसर आतून जळालाय. दाबाखालचा ऑक्सिजन कॉम्प्रेसरच्या तेलाला लागला की भडका उडतो, म्हणून चाचणीत तो वापरायला नियमानं बंदी आहे."

"पितांबरनंच जोडला असेल."

"ते जेवत होते. नायट्रोजन संपला, म्हणून गाडीची वाट पाहत होते. हातातली भाकरी टाकून ते अनवाणी आत धावले. कुणाला थांबवायला? वर्कशॉपची चावी तुमच्याकडे. पट्टी सोडा, चहानं भाजलंय की भडक्यानं, डॉक्टर सांगतील."

भूपेंद्रनं पट्टीवर दुसरा हात ठेवला.

"केळीच्या गाड्या बाहेर तापत होत्या. नायट्रोजनची गाडी पारोळ्यालाच अडकली, असा फोन आला. मला वाटलं, गॅस तो गॅस. मी ऑक्सिजन जोडला, झडप उघडली. तो ओरडत आला, मला दाराबाहेर ढकललं आणि बंद करायला स्वतः आत..."

"आणि तुम्ही चूक त्यांच्याच माथी मारलीत."



जबाब द्यायला आलेल्या लताबाई, पितांबरच्या पत्नी, दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.  भूपेंद्रकडे बोट करून त्या नूतनना म्हणाल्या,

"ताई, वाचवायला त्यांना हाच माणूस सापडला का?"