बॉबीन मागे का बघतो?

"मामा, थांब! तो सीट फाडेल!" भिंगरी ओरडली आणि मामानं करकचून ब्रेक दाबला.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. बॉबीन कुत्र्यानं मागच्या सीटची पाठ नखांनी ओरबाडून काढली होती, आणि आता तो असा केकाटत होता की रस्त्यावरची माणसं गाडीत डोकावून बघत होती. मामाचं तोंड कसनुसं झालं. घरापासून जेमतेम दोन चौक झाले होते.

"दोन चौकांत ही गत," मामा म्हणाला, "आणि रविवारी सहा तास जायचंय. ताईला मी काय सांगू?"

मामाची ताई म्हणजे भिंगरीची मावशी. भिंगरीच्या शेजारच्याच इमारतीत राहायची. मावशीचे यजमान, म्हणजे काका, शिलाई मशीन दुरुस्त करायचे. शिंप्यांच्या दुकानांपासून कपड्यांच्या कारखान्यांपर्यंत त्यांची जुनी व्हॅन दिवसभर फिरायची, आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बॉबीन ऐटीत बसलेला असायचा. पिल्लू असताना त्यानं एका मशीनमधली दोऱ्याची बॉबीन पळवली होती, तेव्हापासून हेच नाव. दोन महिन्यांपूर्वी एका शिंप्याकडे मशीन उघडून बसलेले असतानाच काका गेले, कुणाला काही कळायच्या आत. व्हॅनही दुसऱ्याच्या दारात गेली. आता मावशी मामाच्या गावी, त्याच्याकडे कायमची राहायला निघाली होती आणि बॉबीनला घेऊनच जाणार होती. पण मामाच्या गाडीत बसवलं की बॉबीन वेडापिसा व्हायचा. डॉक्टरांची गोळी देऊन पाहिली. त्यानं लाळ तेवढी गळली, केकाटणं काही थांबलं नाही.

शनिवारपर्यंत तो शांत झाला नाही, तर त्याला एका कारखान्याच्या गोदामात राखणीला ठेवायचं ठरलं होतं. भिंगरीच्या घरी ठेवणं शक्यच नव्हतं, कारण तिच्या धाकट्या भावाला दमा होता. ते गोदाम भिंगरी लपून पाहून आली होती. भिंतीत एक लोखंडी कडी होती आणि तिला हातभर साखळी. गोदाम तिच्या शाळेच्या वाटेवरच होतं, म्हणजे बॉबीन रोज भेटला असता. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

भिंगरीचा खास मित्र पंडित. वय वर्षं बारा, पण कशावरही विचारा, व्याख्यान तयार. सगळं ऐकून घेऊन त्यानं चष्मा पुसला.

"मोठी माणसं विचार करतात तरी कशी, मला कळत नाही," तो म्हणाला. "जो कुत्रा सहा वर्षं व्हॅनमध्ये वाढला, तो गाडीला घाबरेल कसा? हे म्हणजे मासा पाण्याला घाबरतो म्हणण्यासारखं झालं."

भिंगरीला हे पटलं. सुट्टीचे चार दिवस हाताशी होते. त्यांनी एक वही केली आणि कामाला लागले. मंगळवारी बॉबीनला मामाच्या उभ्या गाडीत बसवलं. वीस मिनिटं तो निवांत पडून राहिला. मामाला सांगून इंजिन चालू केलं, तरी त्यानं नुसता कान हलवला. गाडी फाटकाबाहेर पडली, पहिल्या गतिरोधकावर जरा उसळली मात्र, आणि तो ताडकन उठून केकाटायला लागला.

"आणि बघ, तो मागे बघतोय," भिंगरी म्हणाली. "खिडकीकडे नाही, दाराकडे नाही. दर वेळी मागे."

पंडितनं ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

बुधवारी त्यांनी तळमजल्यावरच्या गाडी शिकवणाऱ्या बाईंना गाठलं. बाईंचा आवाज शिट्टीसारखा, पण मन मऊ. शिकाऊ लोकांबरोबर कुत्रा न्यायचा म्हटल्यावर त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग दार उघडलं. त्या दिवशी स्टिअरिंगवर बसलेले गृहस्थ इतके नवखे होते की गाडी बेडकासारखी उड्या मारत चालली होती. चौकात ती तीनदा बंद पडली. पंडितचा चेहरा हिरवा झाला. बॉबीन मात्र खिडकीतून नाक बाहेर काढून रस्ता बघत होता, आणि तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा त्यानं चक्क जांभई दिली.

"म्हणजे भीती गाडीची नाहीच," खाली उतरल्यावर पंडित कसाबसा म्हणाला. "मामाच्या गाडीत काहीतरी आहे."

गुरुवारी त्यांनी मामाला गाडी धुवून देतो म्हणून सांगितलं. मामा खूश झाला, किल्लीही दिली, पण दोन पावलं जाऊन परत आला आणि म्हणाला, डिकीला हात लावायचा नाही हं. पंडितनं भिंगरीकडे पाहिलं, भिंगरीनं पंडितकडे. डिकीत काहीतरी आहे, हे मामानं आपल्याच तोंडानं सांगून टाकलं होतं.

पण हात लावणार नाही, असा शब्द तर दोघांनी दिला होता. तो मोडायचा नाही, यावर दोघं ठाम होते. त्यांनी डिकीला बोटही लावलं नाही. फक्त मागच्या सीटची पाठ दुमडता येते, हे पंडितला ठाऊक होतं. बाजूची कळ ओढताच पाठ पुढे पडली आणि डिकीतला अंधार उघडा झाला. मशीनच्या तेलाचा वास आला. आत चादरीत गुंडाळलेली काकांची हत्यारांची पिशवी होती, आणि तिच्यावर त्यांचा निळा कामाचा कोट घडी करून ठेवला होता.

भिंगरीनं पिशवी नुसती हलवली. आतली तेलाची डबी पेचकसांवर आपटून खणखणली. व्हॅन चालायला लागली की काकांच्या पिशवीचा हाच आवाज यायचा.

तिला सगळं एका क्षणात कळलं. बॉबीन भीत नव्हता. काकांचा वास तर तिथे होताच, गाडी हलली की काकांच्या पिशवीचा आवाजही यायचा, आणि तो त्या बंद पाठीमागे काकांना शोधायचा. काका आत अडकलेत, आणि ही माणसं गाडी थांबवून त्यांना बाहेर का काढत नाहीत, एवढंच तो ओरडून सांगत होता.

इतका वेळ गाडीशेजारी बसलेला बॉबीन तिच्या बाजूनं आत शिरला. त्यानं कोट हुंगला, चादर हुंगली, पिशवीमागचा कोपरान् कोपरा हुंगला. तिथे कुणीच नव्हतं. मग तो कोटावर डोकं ठेवून पडून राहिला. केकाटला नाही, कण्हलाही नाही.

मग पंडित हळूच म्हणाला, "आपण पाठ परत लावून टाकली, तर तो जाणार नाही. इथेच राहील."

"साखळीला," भिंगरी म्हणाली.

"रोज भेटेल पण."

भिंगरी बॉबीनच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला तो हवा होता. जगात दुसरं काहीच नको होतं इतका हवा होता. मग ती उठली आणि मावशीला हाक मारायला गेली.

मावशी आली, पाठोपाठ मामा आला. कोट बघताच मावशीचे पाय थबकले. "ही पिशवी," ती म्हणाली, "मी दोन महिने शोधतेय. मला वाटलं, कुणीतरी उचलून नेली."

मामा चोरासारखा उभा होता. "व्हॅन देताना मीच काढून ठेवली, ताई. तुझ्या नजरेला पडली तर तू कोलमडशील असं वाटलं. तिकडे गेल्यावर, जरा सावरलीस की देणार होतो."

"अरे, मला ती हवी होती रे," मावशी म्हणाली, आणि गाडीच्या उघड्या दारात बसून, कोटावर बॉबीनच्या डोक्याशेजारी डोकं टेकून, दोन महिन्यांत पहिल्यांदा रडली. मामाही रडला. पंडित चष्मा पुसत राहिला.

पुढचे दोन दिवस भिंगरीनं जीव तोडून मेहनत घेतली. हत्यारं कापडात घट्ट गुंडाळून मावशीच्या सामानात गेली, त्यामुळे खणखण बंद झाली. कोट मागच्या सीटवर अंथरला. डिकी रोज बॉबीनला उघडून दाखवायची, रिकामी आहे हे त्याला पोटभर हुंगू द्यायचं, आणि मगच निघायचं. आधी फाटकापर्यंत, मग एक चौक, मग चार. खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि तो शांत असला की हळू आवाजात बोलत राहायचं. शुक्रवारी तो पाच मिनिटं थरथरला. शनिवारी संध्याकाळी मामानं त्याला गावाबाहेरच्या पुलापर्यंत नेऊन आणलं. येताना बॉबीन झोपला होता.

रविवारी सकाळी सगळे फाटकाशी जमले. गाडी शिकवणाऱ्या बाईंनी भिंगरीची पाठ थोपटली आणि, आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही ते या पोरांनी केलं, असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. भिंगरीचे बाबा पंडितला डिटेक्टिव्हसाहेब म्हणाले. मामानं दोघांसमोर कान पकडले. मावशीनं भिंगरीला पोटाशी धरलं.

बॉबीन उडी मारून सीटवर चढला, कोटावर दोनदा गोल फिरला आणि बसला. गाडी सुरू झाली. फाटक गेलं, गतिरोधक गेला, चौक आला. काचेतून त्याचे दोन कान दिसत होते, पुढच्या रस्त्याकडे टवकारलेले. त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही.

"काय शहाणा झालाय बघा," कुणीतरी कौतुकानं म्हणालं. "हूं की चूं नाही."

भिंगरीनं मान डोलावली. हेच तर तिनं त्याला शिकवलं होतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा तिनं पंडितची बाही धरली.

"एकदा तरी रडायचं होतं त्यानं," ती म्हणाली, आणि मग ती स्वतःच रडायला लागली.