इंचभर आखूड पंखा

पंख्याचा व्यास चार फूट भरायला हवा होता. भरला तीन फूट अकरा इंच. अच्युत नवलकराने पट्टी उचलून पुन्हा लावली. तिसऱ्या खेपेसही तेच.

माझगावच्या धक्क्यालगतच्या त्या कारखान्यात नौदलाची एक छोटी गस्ती नौका बांधणीस होती. तिला पाण्यातून पुढे रेटणारा पंखा या वेळी विलायतेहून न मागवता इथेच ओतावा, असा हट्ट तपासनीस अभियंता या नात्याने अच्युतनेच धरला होता. तो पंखा वाया गेला होता. ज्या लाकडी नमुन्यावरून वाळूत साचा उठवला, तो नमुनाही कालपासून नमुने ठेवायच्या माडीवरून बेपत्ता होता.

नमुना घडवणारा कुशाबा मिस्त्री तो पुरा करून दुसऱ्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पकडला गेला. कोठडीत आठ दिवस काढून तो कालच कामावर परतला होता. मॅनेजरांना एवढा योगायोग पुरेसा होता.

"हा घातपात आहे," ते म्हणाले. "पाच वाजता कागद पोलिसांकडे जाईल. तोवर काय विचारायचं ते विचारून घ्या."

दोन वाजून गेले होते.

कुशाबाला फाटकाजवळच्या खोलीत बसवले होते. घोडपदेवहून डबा घेऊन आलेली त्याची बायको रमाबाई उंबऱ्यातच उभी होती. डबा उघडलेला नव्हता.

"नमुना किती फुटांचा केलात, मिस्त्री?"

"चार फूट, साहेब. माझ्या पट्टीने."

कुशाबाने खिशातून पिवळी पडलेली लाकडी पट्टी काढली. अच्युतने आपली पोलादी पट्टी तिच्याशेजारी ठेवली. कुशाबाचे बारा इंच पाव इंचाने पुढे गेले.

"ही लांब का?" अच्युतला ठाऊक होते; कुशाबाच्या तोंडून ऐकायचे होते.

"धातू निवला की आकसतो. फुटाला पाव इंच. म्हणून आमची पट्टीच वाढीव. नमुना इंचभर मोठा करायचा, तेव्हा पंखा बरोब्बर उतरतो."

"घरातला पोळपाटसुद्धा याच पट्टीने केला यांनी," रमाबाई म्हणाली. "साधी पट्टी यांच्या हाताला माहीतच नाही हो."

"मॅनेजर म्हणतात, मुद्दाम साधी वापरलीत."

कुशाबाने मान वर केली. "मुद्दाम? ही बोट आपल्या लोकांनी बांधली, असं चाळीत सांगत फिरतो मी. तिचाच पाय आखूड करीन?"

ओतशाळेत हेरंब ओतारी वाळू चाळत होता.

"नमुना तुमच्याकडे कोणी पाठवला?"

"अप्पांनी. कुशाबा आत, म्हणून माडीची किल्ली त्यांच्याकडे. तपासून, सहीची चिठ्ठी लावून पाठवलानी."

"तुम्ही मापला नाहीत?"

"अप्पांची सही असताना? आमची काय टाप, साहेब!"

अप्पा म्हणजे चिंतामणी तळपदे, प्रमुख नकाशाकार. गिरगावात अच्युतच्या वाडीत, समोरच्याच बिऱ्हाडात राहणारे. अच्युतच्या हाती आखणीचे पेन पहिल्यांदा त्यांनीच दिले आणि या नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकला.

"ये रे," नकाशाच्या टेबलावरून अप्पा म्हणाले. "कशाला त्या सुतारापायी उन्हात हिंडतोस?"

"नमुना तुम्ही तपासलात, अप्पा?"

"नकाशाबरहुकूम होता. उगाच सही करत नाही मी. आकसण्यासाठी वाढ किती ठेवायची, ते मिस्त्रीने बघावं."

"तुम्ही कधी ओतशाळेत गेला होतात?"

"तीस वर्षांत त्या काजळीत पाऊल टाकलं नाही." अप्पांनी शुभ्र बाही झटकली. "टाकायची गरजही पडली नाही."

अच्युत पंख्याकडे परतला. त्याने पात्यांवरून हात फिरवला. सारे अंग गुळगुळीत होते. फक्त तिन्ही पात्यांच्या टोकांशी बोट खरखरले. मग त्याने पाती जिथे जुळतात त्या मधल्या तुंब्याला कॅलिपर लावले. नऊ इंच. नकाशातही नऊच होते.

तो तिथल्याच एका ओंडक्यावर बसला. आता नाव घ्यावे, तर ज्या घरात खेळत तो लहानाचा मोठा झाला त्या घराचा मान जाणार; न घ्यावे, तर कुशाबा तुरुंगात जाणार. असा पेच तर्काने सुटत नाही. साडेचारला तो उठला.

मॅनेजरांच्या खोलीत अप्पा, कुशाबा, रमाबाई, सगळे जमले होते.

"कुशाबांनी साधी पट्टी वापरली असती," अच्युत म्हणाला, "तर सारा पंखाच त्या प्रमाणात आखूड उतरला असता. तुंबाही दीड सूत कमी भरला असता. तो नेमका नऊ इंच आहे. म्हणजे नमुना वाढीव पट्टीनेच घडला होता. मागाहून कोणीतरी केवळ पात्यांची टोकं अर्धा-अर्धा इंच घासून उतरवली. लाखेचं पॉलिश तिथे पुन्हा चढवलं नाही. कानशीचे ते ओरखडे पितळेत उमटले आहेत. हात लावून पाहा."

"हे केलं कोणी?"

"नमुना मोठा दिसताच जो दचकला, त्याने. ओतशाळेतला कोणीही दचकला नसता. इंचभर वाढ तिथे सर्वांना ठाऊक असते. ज्याने साध्या पट्टीने व्यास मोजला, मिस्त्री चुकला असं धरलं, कोणाला विचारलं नाही, असा एकच माणूस उरतो. किल्ली त्या आठ दिवसांत त्याच्याकडे होती. सही करताना नमुना नकाशाबरहुकूम होता, हेही त्यानेच मला सांगितलं. नकाशाबरहुकूम असलेला नमुना चुकीचाच असतो, अप्पा."



"पंखा ओतल्यावर हेरंब त्या वाढीबद्दल बोलला, तेव्हा चूक कळली मला," अप्पा म्हणाले. "नमुना फोडून जळणाच्या गाडीत टाकला. तीस वर्षांनी लोकांनी हसावं?"

"मिस्त्री सुटले, तेव्हा तरी त्यांना खरं सांगायचं होतंत. काल दिवसभर ते इथेच होते."

"सुताराला सांगू?" अप्पा एकदम कडाडले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला असावा.

मॅनेजरांनी पोलिसांचा कागद बाजूला सारला आणि नवा कोरा कागद अच्युतपुढे ठेवला. अच्युतने लिहिले: चिंतामणी तळपदे. अक्षर अप्पांनीच वळवलेले होते.

अप्पा दाराकडे निघाले. वाटेतल्या बाकावर कुशाबा बसला होता. बावीस वर्षांच्या सवयीने तो अर्धवट उठला, त्यांना वाट द्यायला.

रमाबाईने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवले.