आईची ट्रान्सफर

परभणीच्या पोलीस वसाहतीत ‘ट्रान्सफर’ या शब्दाला एकच अर्थ होता : भांडी खोक्यात आणि मुलं नव्या शाळेत. म्हणून ‘मंगळवारी सानवीची ट्रान्सफर आहे,’ असं बाबा फोनवर आईबद्दल बोलले, तेव्हा दहा वर्षांच्या वेणूनं दप्तर पलंगाखाली ढकललं आणि जाहीर केलं, की चार शाळा झाल्या, पाचवी होणार नाही. आईला जायचं तर तिनं खुशाल जावं.

पण मंगळवार उजाडला तरी खोकी आली नाहीत. आई, म्हणजे वसाहतीच्या हवालदारीणबाई, ग्लासामागून ग्लास पाणी पीत बसल्या होत्या. नव्या ठाण्यावर जायला एवढं पाणी कशाला लागतं? वेणूला काही केल्या उलगडेना.

उलगडा दवाखान्यात झाला. तिथली रोबो परिचारिका गोदाक्का वेणूची तक्रार शांतपणे ऐकून म्हणाली, “बदली आहे खरी. पण तुझ्या आईची नाही, एका गर्भाची. प्रयोगशाळेतून आईच्या पोटात.”

मग तिनं सगळं सांगितलं. आईची बीजपेशी आणि बाबांची शुक्रपेशी काचेच्या बशीत भेटल्या, एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढत गेल्या आणि पाच दिवसांत त्यांचा ब्लास्टोसिस्ट (शंभरेक पेशींचा पोकळ गोळा) झाला. आकार खसखशीच्या दाण्याहूनही लहान. मूत्राशय भरलेलं असलं की सोनोग्राफीत (आवाजाच्या लहरींनी काढलेल्या चित्रात) गर्भाशय नीट दिसतं, म्हणून ते पाणी. मग डॉक्टर कॅथेटरमधून (शेवईसारख्या मऊ नळीतून) गर्भ आत सोडतात. भूल लागत नाही. पाच-दहा मिनिटांचं काम. तयार झालेल्या तीन गर्भांपैकी एकच आत्ता सोडायचा.

तसंच झालं. बाहेर बसलेल्या वेणूला पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकलेला दिसला. तो गर्भ नव्हे, त्याच्यासोबतचा हवेचा बुडबुडा, असं गोदाक्कानं सांगितलं. वेणूनं तरी त्याला हात हलवला.

घरी स्नेहलआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, कायदे घेऊन तयार होती. बारा दिवस आडवं राहायचं. शिंकायचं नाही, जिना चढायचा नाही, हसायचं तर मुळीच नाही. वेणूनं नेमकी आईच्या ठाण्यातल्या साहेबांच्या परेडची नक्कल केली आणि आई पोट धरधरून हसली.

“हस. आता गळून पडेल, मग बसा रडत,” आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या कपड्यावर रक्ताचा एक ठिपका दिसला. वेणूला वाटलं, आपल्यामुळे पडलं. तिनं दार लावून गोदाक्काला फोन केला आणि हुंदके देत गुन्हा कबूल केला.

गोदाक्कानं आधी आईशी बोलून घेतलं. नळीच्या स्पर्शानं एखादा ठिपका दिसू शकतो, औषध चालू ठेवा, जास्त रक्त गेलं किंवा फार दुखलं तर लगेच कळवा. मग वेणूला म्हणाली, “दोन पोळ्या घे, लोणी घे आणि खसखशीचा एक दाणा.”

वेणूनं आत्याच्या समोरच पोळीला लोणी थापलं, त्यात दाणा ठेवला आणि वर दुसरी पोळी दाबली. मग ती जोडी हलवली, उलटी केली, घेऊन उड्या मारल्या. दाणा जागचा हलला नाही.

“गर्भाशय म्हणजे उघडा तांब्या नाही, आत्या. त्याच्या भिंती अशा चिकटलेल्या असतात. हसून काही पडत नाही.”

“मला शिकवतेस?”

“हो.”

आत्यानं पोळी हातात घेऊन स्वतः दोनदा झटकली. दाणा तिथंच होता. आईनं डॉक्टरांना विचारून गणवेश चढवला आणि जिना उतरून ठाण्यावर गेली.

बाराव्या दिवशी रक्ततपासणी झाली. गर्भ रुजला नव्हता.

आई बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. वेणू तिच्या कमरेला बिलगून उभी. गोदाक्कानं फोनच्या पडद्यावरून सांगितलं, की पुष्कळदा गर्भातल्याच गुणसूत्रांची (पेशीला सूचना देणाऱ्या धाग्यांची) संख्या चुकलेली असते आणि तो पुढे वाढत नाही. त्यात कुणाचा दोष नसतो.

तेवढ्यात खालच्या शिरसाटकाकू आल्या. हळहळल्या आणि म्हणाल्या, “दुसऱ्याच दिवशी कामावर गेली ना ही. पडून राहिली असती तर...”

वेणूनं तोंड उघडलं. आत्या तिच्या आधी बोलली.

“मोजणी गर्भात चुकली होती, शिरसाटबाई. आमच्या सानवीचं काही चुकलेलं नाही. तिच्यासमोर पुन्हा असं बोलायचं नाही.”

काकू निघून गेल्या. आईनं डोळे पुसले आणि उरलेल्या दोन गर्भांचं विचारलं. ते द्रवरूप नायट्रोजनच्या कडाक्याच्या थंडीत ठेवलेत, गोदाक्का म्हणाली. घाई नाही, वर्षानुवर्षं टिकतात.

“तिथं त्यांना ऐकू येतं?” वेणूनं विचारलं.

“नाही गं. कान अजून फुटायचेत.”

“तरी सांग,” वेणू म्हणाली, “आम्ही येतोय म्हणून.”