कापड्याच्या उतारावरची केबल

पूनम, दार लोटून घे आणि बस. रितेश, तो मोबाईल पालथा ठेव. हे मी इकडून तिकडून ऐकलेलं सांगत नाय. सुहास माझा विद्यार्थी, महाडच्या शाळेत माझ्याच हाताखाली विज्ञान शिकला, आणि त्या रात्री तिथून निघाला तो थेट माझ्या घरी आला.

काम तसं साधं होतं. केबलचा एक तुकडा न्यायचा होता.

मुंबईकडच्या एका विद्यापीठात तो शिकवतो. त्यांचा विभाग विजेच्या केबलींचा. तारेतून वीज नेणं सोपं, ती तारेबाहेर पडू न देणं अवघड. तारेवरचं रबर, कागद, प्लॅस्टिक कधी फाटतं, का फाटतं, हे शोधायचं त्यांचं काम. विभागाला पन्नास वर्षं होत होती आणि त्याचा इतिहास लिहायचं सुहासच्या गळ्यात पडलं होतं. साळवी सर नावाच्या माणसाने तो विभाग वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केला. बाकीची पोरं त्याला ‘रबर खातं’ म्हणून हसायची. पुढे प्लॅस्टिकच्या केबली आल्या. विकणारे म्हणायचे, याला पाणी लागत नाही, जमिनीत घाला आणि विसरा. साळवी सरांना ते पटेना. ते म्हणत, पाणी आत शिरतं, आणि वीज चालू असली की प्लॅस्टिकच्या पोटात बारीक फांद्या फुटतात, झाडासारख्या. एक दिवस ते झाड आरपार जातं आणि केबल फुटते. हे सिद्ध करायला त्यांना पाऊस हवा होता. भरपूर पाऊस. म्हणून ते आपल्याकडे आले.

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना कापडे लागतं. तिथल्या एका वाडीच्या उतारावर त्यांनी केबल पुरली. खाली रस्त्याच्या मोरीपासून वर एका खोपीपर्यंत. खोपीत मीटर, आणि मीटर बघायला वाडीतला भिकू. त्याला ताकीद एकच होती, वीज बंद पडू द्यायची नाही. बंद पडली तर मागची सगळी वर्षं फुकट.

त्या केबलने विभागाचं नाव केलं. परदेशातून माणसं बघायला आली, नवी इमारत उभी राहिली. मग एका पावसाळ्यात दरड आली आणि खोपी गेली. याला वीस-एक वर्षं झाली. सुहासने जुन्या अहवालातलं वाक्य आपल्या इतिहासात जसंच्या तसं घेतलं: नैसर्गिक आपत्तीमुळे प्रयोग थांबवावा लागला. आता समारंभात काचेच्या पेटीत ठेवायला त्याच केबलचा तुकडा हवा होता.

मागच्या मार्गशीर्षातली सोमवती अमावास्या. डिसेंबर संपत आलेला, महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रांग. सुहास आणि त्यांच्या प्रयोगशाळेतला किशोर संध्याकाळी वाडीत पोचले. जमीन भिकूच्या घरची, म्हणून आधी तिथे गेले. भिकूची बायको जानकीबाई एकटीच राहते. तिने चहा ठेवला. सुहासने सांगितलं, केबल नेमकी कुठे आहे ते आज मशीनने शोधतो, सकाळी थोडं खणतो, तुकडा घेतो आणि जातो.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली,

“खणाल तर जपून खणा. माझा माणूस तिथं हाय.”

सुहासला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्याने लिहिलेल्या पानांत कोणी मेलंच नव्हतं.

“मीटरचा दिवा इझला म्हणून गेला,” ती म्हणाली. “मी बोलले, नको जाऊ, डोंगर आवाज करतोय. तर बोलतो, सायबांची वरसं फुकट जातील.”

चार दिवस लोकांनी खणलं होतं. मग पाऊस वाढला आणि थांबले. विभागातून एक साहेब येऊन गेले, रस्त्यावरूनच बघून. प्रेत मिळालं नाही म्हणून तिने दिवसही घातले नव्हते. माणूस मिळाल्याबिगर कसे घालायचे, असं तिने सुहासलाच विचारलं.

बाहेर आल्यावर तो किशोरला म्हणाला, राहू दे, परत जाऊ. किशोर म्हणाला, सर, एवढं मशीन इथवर आणलंय, निदान जागा तरी बघून ठेवू. मग दोघे थांबले. या कामाला शांतता लागते. मशीन केबलमध्ये थोड्या थोड्या वेळाने विजेचा दणका सोडतं. केबल जिथे फुटलेली असेल तिथे ठिणगी पडते आणि जमिनीखाली ‘धप्प’ असा आवाज होतो. वरून एक माणूस तबकडी जमिनीला लावत, कानाला हेडफोन लावून चालतो, डॉक्टर छाती तपासतो तसा. गाड्या वाहत असल्या तर त्यातलं काही ऐकू येत नाही. जेवणवेळ उलटून गेली, तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला.

किशोर खाली मोरीपाशी जनरेटर लावून बसला. सुहास टॉर्च घेऊन उतार चढू लागला.

पहिल्यांदा काही नव्हतं. मग आला. धप्प. बारीक, लांबून. तो वर सरकला. धप्प. थोडा मोठा. असं करत करत तो दरडीच्या मातीवर आला. आता तिथे कारवी वाढली आहे. तबकडी टेकवली आणि आवाज थेट तळपायाखालून आला. इतका स्पष्ट, की पायांना कळला म्हणाला.

जागा मिळाली. त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि किशोरला फोन लावला. मिळालं म्हणाला, मशीन बंद कर.



“किशोर?”

“सर… जनरेटर मघाशीच बंद पडलाय. तुम्ही वर निघालात आणि लगेच. मी कधीचा फोन लावतोय, तुमचा लागत नव्हता.”

सुहासने खाली बघितलं. मोरीपाशी जनरेटरचा दिवा नव्हता. फटफट नव्हती. नुसता काळोख.

दुसऱ्या कानात…

धप्प.

त्याने हेडफोन काढला. उतारावर काही नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

परत लावला.

धप्प… धप्प.

आता ते मशीनसारखं नव्हतं. मशीनचा ठेका ठरलेला असतो. हे मध्येच दोनदा. मग थांबलेलं. मग एकदा. दार आतून कोणी ठोकावं तसं.

त्याने तबकडी उचलली. एक पाऊल बाजूला ठेवली.

शांत.

मग… त्या नव्या जागेच्याही खाली.

धप्प.

पळायला हवं होतं, तो मला म्हणाला. पण पाय उचलला तर खालचं पायाबरोबर येईल असं वाटत होतं. तरी त्याच्या तोंडून नाव आलं.

“भिकूदादा…?”

काही नाही.

बराच वेळ काही नाही…

मग एकच. हळू.

सुहास गुडघ्यावर बसला. का बसला ते त्यालाही सांगता येत नाही. मातीवर हात ठेवला आणि म्हणाला, सकाळी येतो. खणतो. तुम्हाला घेऊनच जातो.

त्यानंतर ठोका आला नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी झोपलो होतो. दार उघडलं तर चपला नाहीत, पाय मातीने भरलेले. आत आला आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसला. उजाडेपर्यंत त्याने ते पाय जमिनीला लावले नाहीत, गो. मी जागाच होतो, म्हणून सांगतो.

सकाळी मीही गेलो. वाडीतली माणसं कुदळी-फावडी घेऊन आली. जानकीबाई बांधावर बसली होती, पदर तोंडाला धरून. कमरेएवढं खणल्यावर केबल लागली. तिच्या अंगाला लागून हाडं होती. मनगटात तांब्याचं कडं. जानकीबाईने ते हातात घेतलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, “आला.” एवढंच. रडली ती नंतर, घरी गेल्यावर. पोलीस आले, पंचनामा झाला, रीतसर सगळं झालं. पुढे तिने दिवस घातले. सुहास त्या जेवणाला आला होता.

विभागातल्या वरच्या माणसांनी त्याला सांगितलं, समारंभाच्या पुस्तकात हे कशाला, शेवटी कुठेतरी एक ओळ टाक. त्याने ऐकलं नाही. इतिहासाच्या पहिल्याच पानावर साळवी सरांच्या शेजारी भिकूचं नाव आहे. मी पुस्तक बघितलंय.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच.

त्या दिवशी आम्ही मोरीपासून खोपीच्या जागेपर्यंतची सगळी केबल बाहेर काढली. सुहासने ती जानकीबाईच्या अंगणात नळाखाली धुवायला घेतली. धुता धुता थांबला. मला म्हणाला, गुरुजी, हे बघा.

केबलच्या प्लॅस्टिकवर मुठीचे ठसे होते. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. आत दबलेले, मेणात दाबावेत तसे. ते प्लॅस्टिक उकळत्या पाण्यात टाकलं तरी असं दबत नाही. आयुष्यभर सुहास तेच शिकवतोय. आणि ठसा एक नव्हता. खोपीच्या टोकापासून सुरू होऊन खाली हाडं होती तिथपर्यंत, एकामागे एक. दोर धरून माणूस सरकतो तसे. दरडीच्या मातीत माणसाला बोट हलवता येत नाही, रे. वर वीस वर्षांची माती. ती त्या ठशांत अशी बसली होती, की खिळ्याने उकरून काढावी लागली.

मग किशोरने खालचं, अजून न धुतलेलं टोक उचललं. हाडं सापडली त्याच्या पुढचा भाग. रस्त्याकडचा. जिथे रात्री मशीन लावून तो एकटा बसला होता.

त्यावर एकच ठसा होता.

त्यात माती नव्हती.