दसऱ्याला जोडलेला सॅटेलाइट

दसऱ्याला आमच्याकडे नव्या वस्तूची पूजा होते, मग ती वस्तू वाय-फायची रेंज लांबच्या खोलीपर्यंत पोचवणारा सॅटेलाइट का असेना. माझे बाबा, गंगाधर गुरुजी, पंचवटीतल्या अर्ध्या गल्लीला मुहूर्त काढून देतात. त्यांनी त्या पांढऱ्या डब्याला हळदकुंकू वाहिलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आभा, दाब." मी जोडणीचं बटण दाबलं. निळा दिवा लागला... आणि माझ्या ॲपमध्ये सॅटेलाइटचा पत्ताच नाही.

वरच्या खोलीत मी ऑफिसचं काम करते आणि नेमकी तिथेच रेंज जाते. साहेबांनी बजावलं होतं – दिवाळीपर्यंत मीटिंगमधून पुन्हा गायब झालीस, तर पुण्याला येऊन बस. बाबांना एकटं सोडून मला कुठेही जायचं नव्हतं. डबा बंद करून चालू केला, राउटरच्या शेजारी नेला, परत वर आणला. दिवा आपला निळाच, पोटभर जेवलेल्या माणसासारखा निवांत.

तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून हाक आली. गल्ली इतकी अरुंद, की हळू बोललेलंही ऐकू येतं. समोर राहणाऱ्या लंकाबाईंचा भाचा ललित मोबाईल घेऊन उभा होता. घरून काम करायला बरं म्हणून मखमलाबादच्या मळ्यातून नुकताच मावशीकडे राहायला आलेला. डोळे फार हसरे.

"आम्ही एकच सॅटेलाइट जोडला, पण इथे दोन दिसताय," तो म्हणाला. "एक तुमचा तर नाही?"

लंकाबाईंनीही मुहूर्त बाबांकडूनच घेतला होता. दुकान एक, कंपनी एक. दोन घरांनी एकाच क्षणी बटणं दाबली, आणि आमचा डबा घरचा राउटर सोडून त्याच्या राउटरशी जुळला.

ललित म्हणाला, सोपं आहे, मागच्या भोकात टाचणी दाबून धरायची, सगळं पुसलं जातं, मग पुन्हा जोडायचं. बाबा ऐकेनात. दसऱ्याला जुळलेलं लगेच तोडायचं नसतं, दिवाळीच्या पाडव्याला बघू. ललितने मग त्याच्या वाय-फायचा पासवर्ड दिला.

मग रोजचंच झालं. लंकाबाई दुपारी झोपताना राउटरसकट घरातली सगळी बटणं बंद करायच्या. माझा दिवा लाल झाला की मी गॅलरीत.

"गेलं?" तो विचारायचा.

"गेलं... तुमच्या भरवशावर बसलेय ना मी."

"मग बसा की. मी कुठे नको म्हणतोय?"

खरं सांगते, कधी कधी दिवा निळा असतानाही मी बाहेर यायचे.

दिवाळीच्या तोंडावरची मोठी मीटिंग भर दुपारी होती. एकदाही अडकली नाही. साहेब म्हणाले, नाशिकमधूनच कर काम. मी सांगायला गॅलरीत धावले, तर समोर ललित बटणांच्या फळीखाली स्टूल टाकून बसलेला. आतून लंकाबाई करवादत होत्या – मळ्यात झेंडूची तोड सुरू आहे, बापाचे फोनवर फोन येताहेत, आणि हा सकाळपासून बटणाला राखण बसलाय. ललितने मान खाली घातली.

पाडव्याला तो टाचणी घेऊन आला. डबा पुसून कोरा केला, आमच्या राउटरजवळ ठेवून जोडला, मग जिन्याच्या वळणावर नेला. ॲपमध्ये दिसला, वरच्या खोलीत रेंज भरून आली. सगळं मनासारखं झालं आणि मला रडू यायला लागलं. आता तो कशाला येणार होता?

दारात तो फार सावकाश चप्पल घालत होता.

"आता काही अडलं नाही तुमचं," तो म्हणाला.

"अडलं नाही तरी या." मी जमिनीकडे बघत होते. "मला... तुमची सवय झालीये. सवय नाही – आवडता तुम्ही मला."

तो एक चप्पल घालून तसाच उभा राहिला.

"मग एकटा नाही येत," तो म्हणाला. "उद्या भाऊबीज आहे. परवा आईला घेऊन येतो."

माझे कान तापले.

"संध्याकाळी या," मी म्हटलं. "बाबा घरी असतात."